शोध पुरा, काम अपुरे

आज २० ऑगस्ट. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादेजवळच्या बेगमपेठेतील लष्करी इस्पितळात रोनाल्ड रॉस नावाच्या चाळीस वर्षांच्या सरकारी डॉक्टराला एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळसर कण असलेल्या काही वाटोळ्या पेशी आढळल्या, आणि शतकानुशतके माणसाला छळत आलेल्या हिवतापाचे कोडे सुटू लागले. जगभर हा दिवस डास दिन म्हणून पाळला जातो. हिवताप डासामुळे होतो आणि त्याचा शोध रॉसने लावला, एवढे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु थोर पुरुषाच्या चरित्राचे एकच पान पाठ करून बाकीचे पुस्तक मिटून ठेवण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, तिला रॉसही अपवाद ठरलेला नाही. त्या दिवसानंतर हा गृहस्थ पस्तीस वर्षे जगला, आणि त्या पस्तीस वर्षांत तो जे सांगत राहिला ते शोधापेक्षा कमी मोलाचे नव्हते. ते ऐकावयास त्या काळी फारसे कोणी तयार नव्हते, आजही नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या या पट्ट्यात राहणाऱ्यांना त्याचेच अधिक प्रयोजन आहे, म्हणून या चरित्राची उजळणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रॉसचा जन्म हिमालयाच्या कुशीतील अलमोडा येथे १३ मे १८५७ रोजी झाला. मीरतेस शिपायांनी उठाव केला त्याला अवघे तीन दिवस लोटले होते. बाप इंग्रजांच्या हिंदी फौजेतील अधिकारी. दहा भावंडांत हा थोरला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी विलायतेस धाडण्यात आले. मुलाची ओढ चित्रकलेकडे, काव्याकडे, संगीताकडे आणि गणिताकडे. बापाची इच्छा त्याने डॉक्टर होऊन हिंदुस्थानच्या सरकारी वैद्यकीय सेवेत शिरावे अशी. आपल्याकडील अनेक घरांत आजही जे घडते तेच तेथे घडले. बापाचा शब्द राहिला आणि मुलाचे मन दुसरीकडेच राहिले. १८७४ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याने नाव घातले खरे, पण अभ्यासात गोडी नव्हती. एका परीक्षेत तो नापासही झाला आणि काही काळ अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या बोटींवर डॉक्टर म्हणून त्याने दिवस काढले. अखेर १८८१ साली तो सरकारी सेवेत दाखल होऊन मद्रास इलाख्यात आला. पहिली कित्येक वर्षे त्याने कविता, कादंबऱ्या आणि गणिताची प्रमेये यांतच अधिक रस घेतला. पुढे जगाला उपकृत करणारा संशोधक या माणसात दडलेला आहे, असे त्या वेळी कोणी भविष्य वर्तविले असते तर ते हसण्यावारी गेले असते.

तथापि त्या रिकामपणाच्या काळातही एक गोष्ट घडली, आणि आमच्या मते ती या चरित्राची किल्ली आहे. १८८३ साली बंगलोरच्या छावणीत असताना त्याच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. शोध घेता खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात त्यांची पैदास होत असल्याचे त्याला दिसले. त्याने ते पिंप रिते करविले. डास कमी झाले. डासांचा आणि हिवतापाचा काही संबंध असेल हे त्या वेळी त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. तो संबंध उलगडण्यासाठी पुढे चौदा वर्षे जावी लागली; परंतु त्या संबंधावरचा उपाय मात्र त्याला आधीच सापडून गेला होता, आणि तो होता पिंप पालथे करण्याइतका साधा.

हिवताप दूषित हवेमुळे होतो, ही समजूत युरोपात शेकडो वर्षे रुजलेली होती; मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच खराब हवा असा आहे. १८८० साली अल्जीरियात लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने रोग्याच्या रक्तात त्या रोगाचे जिवंत परोपजीवी पाहिले, तेव्हा हवेचा पक्ष लंगडा पडला. पण रक्तातला हा पाहुणा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टराने चीनमध्ये असताना हत्तीरोगाच्या कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते हे १८७७ साली दाखविले होते. हिवतापाचेही असेच काही असावे, असा त्याचा तर्क होता. १८९४ साली रजेवर लंडनला गेलेल्या रॉसला त्याने हा तर्क समजावून दिला आणि लाव्हेराँने पाहिलेले परोपजीवी प्रत्यक्ष दाखविले. सदतीस वर्षे वाट चुकलेल्या माणसाला त्या दिवसापासून वाट सापडली. १८९५ साली तो सिकंदराबादेस परतला तो एकच ध्यास घेऊन. सिकंदराबाद ही त्या काळी निजामाच्या मुलुखातील इंग्रजांची छावणी, आणि आपला मराठवाडाही तेव्हा त्याच मुलुखाचा भाग होता. रॉस ज्या तापाचा माग काढीत होता तो औरंगाबाद-नांदेडच्या शेतकऱ्यालाही ओळखीचा होता.

पुढची दोन वर्षे अपयशाची. डासांच्या जातींची नीट वर्गवारी हाताशी नव्हती. ज्या जाती हिवतापाचा परोपजीवी वाहूच शकत नाहीत अशाच जातींचे डास तो रोग्यांवर सोडी आणि मग एकेक चिरून पाही. त्यातच गुरूच्या तर्काचा एक भाग चुकीचा होता. डास पाण्यात मरतो, ते पाणी माणूस पितो आणि मग त्याला ताप येतो, अशी मॅन्सनची कल्पना होती. तिची परीक्षा पाहण्यासाठी रॉसने तसले पाणी पैसे देऊन काही माणसांना पाजलेदेखील. आजच्या नीतिनियमांना हे मुळीच मानवणार नाही, आणि थोर पुरुषाचे चरित्र सांगताना ते झाकून ठेवणेही योग्य नव्हे. मध्येच सरकारने त्याला पटकीच्या साथीचा बंदोबस्त करण्यासाठी बंगलोरला पाठविले. तेथे गटारे, विहिरी आणि कचरा यांच्यामागे हिंडण्यात त्याचे दिवस गेले. संशोधनात खंड पडला म्हणून तो चडफडत असे. परंतु शहराचे आरोग्य प्रयोगशाळेत नव्हे तर गल्लीबोळांत घडते किंवा बिघडते, हा धडा त्याला तेथेच मिळाला. १८९७ च्या वसंतात उटकमंडजवळच्या सिगूर घाटात हिवतापाचा शोध घेताना त्याला स्वतःलाच हिवतापाने गाठले.

जून महिन्यात तो सिकंदराबादेस परतला. ऑगस्टच्या मध्यावर त्याच्या माणसांनी वेगळ्याच जातीच्या अळ्या आणून दिल्या. त्यांतून जे डास निघाले त्यांचा रंग तपकिरी आणि पंखांवर ठिपके. १६ ऑगस्ट रोजी हे डास त्याने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला चाववले, आणि दर डासामागे एक आणा या हिशेबाने त्याला मोबदला दिला. मग एकेका डासाचे विच्छेदन सुरू झाले. खोलीत असह्य उकाडा. पण पंखा ओढविला तर डासांचे बारीक अवयव उडून जातील म्हणून तो बंद. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले, भिंगाला तडा गेलेला. २० तारखेस, डास चावल्यानंतर चार दिवसांनी, त्याला त्या पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास चिरला तेव्हा पेशी तशाच, पण आकाराने मोठ्या झालेल्या. म्हणजे त्या जिवंत होत्या आणि वाढत होत्या. माणसाच्या रक्तातला परोपजीवी डासाच्या पोटात वाढतो, हे सिद्ध होण्याच्या मार्गाला लागले.

येथे क्षणभर सिकंदराबाद सोडून आपल्या भागाकडे वळले पाहिजे. कारण त्याच वर्षी पुण्यात जे घडले त्याची सावली पुढे रॉसच्या कामावरही पडली. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुण्यात पोहोचला होता. त्याच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडच्या कारकिर्दीत गोऱ्या सोजिरांनी घरे झडतीसाठी उघडली, देवघरे व माजघरे तुडविली, माणसांना घरच्यांपासून ओढून छावण्यांत नेले. रोग हटविणे हा हेतू वाईट होता असे नव्हे. पण लोकांना विश्वासात घेणे हे राज्यकर्त्यांना आपल्या इतमामाला साजेसे वाटले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. गोळी झाडणारे दामोदर हरी चापेकर आणि त्यांचे बंधू मूळचे आपल्या चिंचवडचे. रॉस डासांच्या पोटात डोकावत होता त्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाच्या आरोपाची टांगती तलवार होती. एकाच देशात, एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात, रोगाशी झगडण्याच्या या दोन तऱ्हा चालू होत्या: एक रोगाचे मूळ शोधणारी, दुसरी रोग्यालाच गुन्हेगार समजणारी.

शोधाचा आनंद रॉसला फार दिवस उपभोगता आला नाही. शोध लागून महिना-दीड महिना होतो न होतो तोच त्याची राजपुतान्यातील खेरवाडा येथे बदली झाली, जेथे हिवताप जवळजवळ नव्हताच. सरकारी यंत्रणेला गुणी माणूस नेमक्या चुकीच्या जागी बसविण्याची जी विलक्षण हातोटी असते, तिचा हा नमुना होय. मॅन्सनने लंडनहून खटपट केली तेव्हा कुठे १८९८ च्या फेब्रुवारीत त्याला कलकत्त्याला आणून एक छोटी प्रयोगशाळा देण्यात आली. पण तेथेही प्लेगाची भीती पसरली होती. सरकार सक्तीने लस टोचणार, अशा वावड्यांनी शहर हादरले होते, दंगे झाले होते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यावयाचा म्हटले की रोगी पळ काढीत. पैशाचाही मोह त्यांना थांबवू शकत नसे. माणसे मिळेनात, म्हणून रॉस पक्ष्यांकडे वळला. चिमण्यांना व चंडोलांना हिवतापासारखाच एक रोग होतो. त्या रोगाचा परोपजीवी डासाच्या जठरातून निघून त्याच्या लाळेच्या ग्रंथींत कसा पोहोचतो, हे त्याने १८९८ च्या जुलैत पाहिले, आणि असे डास चावून निरोगी चिमण्या आजारी पडतात हे दाखवून साखळी पुरी केली. हिवताप पाण्यातून नव्हे, हवेतून नव्हे, तर डासाच्या दंशातून येतो हे आता निश्चित झाले. इतिहास हा शोध रॉसच्या कल्पकतेच्या खाती जमा करतो, आणि ते रास्तच आहे. परंतु माणसाला सोडून त्याला चिमणीकडे जावे लागले ते सत्तेवरचा लोकांचा विश्वास उडाला होता म्हणून, हेही त्याच खात्यावर मांडले पाहिजे.

या कामात महंमद बक्ष हा त्याचा साहाय्यक आणि किशोरीमोहन बंद्योपाध्याय हे तरुण बंगाली गृहस्थ यांचा वाटा मोठा होता. डास पकडणे, पाळणे, त्यांची निगा राखणे, लोकांना समजावून तयार करणे, ही कामे अशाच हातांनी होतात आणि मानाच्या पाटावर त्यांना क्वचितच जागा मिळते. पदरी आलेल्या मानाच्या बाबतीत रॉस स्वतःही फार उदार नव्हता. १८९८ च्याच अखेरीस इटलीच्या ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसातील हिवतापाचा प्रसार ॲनॉफिलीस जातीच्या डासाने होतो हे स्पष्ट दाखवून दिले. वस्तुतः दोन्ही शोध परस्परपूरक होते. परंतु श्रेय कोणाचे यावरून उभयतांत जो कडवट वाद पेटला, तो रॉसने आयुष्यभर विझू दिला नाही. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारा तो पहिला ब्रिटिश नागरिक. १९११ साली सर ही पदवी मिळाली. तरीही आपली कदर झाली नाही, सरकारने आपल्या शोधाचा मोबदला दिला नाही, ही तक्रार त्याच्या ओठांवरून कधी गेली नाही. स्वभाव तापट, अभिमान मोठा, जीभ तिखट. असे दोष असूनही तो मोठा होता, आणि मोठा होता म्हणून दोष नव्हते असे नाही.

१८९९ साली सरकारी नोकरी सोडून तो लिव्हरपूलच्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात रुजू झाला, आणि येथून त्याच्या चरित्राचा तो भाग सुरू होतो ज्याकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे. शोध लागला, आता आपले काम संपले, असे त्याने म्हटले नाही. त्याच वर्षी तो पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेला. १९०२ साली सुएझ कालव्यावरील इस्माइलिया या गावी कालव्याच्या कंपनीने त्याचा सल्ला घेतला. साचलेले पाणी काढून टाकणे, जेथे काढता येत नाही तेथे त्यावर तेल टाकणे, डबकी बुजविणे, ही कामे नेटाने झाली आणि थोड्याच वर्षांत त्या गावातून हिवताप जवळजवळ नाहीसा झाला. पनामाचा कालवा खणणाऱ्या अमेरिकनांनी याच मार्गाने हजारो मजुरांचे प्राण वाचविले. उलट आपल्याकडे लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत सरकारने असाच एक प्रयोग हाती घेतला, पण तो अपुऱ्या पैशाने व अपुऱ्या मनाने. डास हटले नाहीत, आणि डासांशी लढणे व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढून अनेक अधिकारी मोकळे झाले. अर्धवट काम करावयाचे आणि अपयशाचे खापर सिद्धांतावर फोडावयाचे, या वृत्तीवर रॉसने शेवटपर्यंत कोरडे ओढले.

मॉरिशस बेटाच्या पाहणीवर आधारलेल्या १९०८ सालच्या अहवालात आणि १९१० सालच्या ग्रंथात त्याने एक अभिनव विचार मांडला. तरुणपणी ज्या गणिताच्या नादाबद्दल लोकांनी त्याला हसले असेल, ते गणित आता कामी आले. हिवताप पसरावयाचा तर डासाच्या मादीने आधी रोग्याला चावले पाहिजे, मग परोपजीवी तिच्या लाळेपर्यंत पोहोचेतो सुमारे दहा-बारा दिवस ती जगली पाहिजे, आणि नंतर तिने निरोगी माणसाला चावले पाहिजे. या तीन अटी जुळणाऱ्या माद्या शंभरांत थोड्याच. तेव्हा डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की एका रोग्यामागे एकही नवा रोगी तयार होत नाही, आणि काही डास शिल्लक असतानाही रोग आपोआप मावळतो. यातला दिलासा असा की, जगातला शेवटचा डास मारण्याची गरज नाही. यातला इशारा असा की, ती मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून पहारा मात्र सतत हवा. एक हंगाम ढिलाई झाली की आकडे पुन्हा चढू लागतात. साथीच्या रोगांचे आज जे गणित जगभर मांडले जाते, त्याचा पाया घालणाऱ्यांत रॉसची गणना होते.

१९२६ साली लंडनमध्ये त्याच्या नावाची संशोधन संस्था निघाली. १९२७ च्या आरंभी तो कलकत्त्यास येऊन आपल्या जुन्या प्रयोगशाळेजवळ उभारलेले स्मारक पाहून गेला. अखेरची वर्षे पैशाच्या ओढाताणीची गेली; १९२८ साली आपली कागदपत्रे विकण्याची पाळी त्याच्यावर आली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्याने देह ठेवला.

त्याच्या मागे काय झाले? दुसऱ्या महायुद्धानंतर दोन अमोघ वाटणारी शस्त्रे माणसाच्या हाती आली: डास मारणारे डीडीटी आणि परोपजीवी मारणारे क्लोरोक्वीन. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, १९५८ साली तिने निर्मूलनाचे ध्येय घेतले, आणि १९६५ साली रोग्यांचा आकडा एक लाखावर आला. जगाच्या आरोग्याच्या इतिहासात असे यश थोडेच. पण यशाने पहारा सुटला. वसाहती वाढल्या, फवारणी विस्कळीत झाली, आणि मुख्य म्हणजे शत्रू शिकला. १९७६ साली रोग्यांची संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली.

शत्रू शिकला म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. एका रोग्याच्या रक्तात परोपजीवी कोट्यवधी असतात. त्यांत एखाद-दुसरा असा निघतो की ज्याला औषध तितकेसे बाधत नाही. औषधाची मात्रा पुरी पोटात गेली तर तोही बहुधा मरतो. पण ताप उतरला म्हणून रोग्याने उरलेल्या गोळ्या टाकून दिल्या, तर दुबळे मरतात आणि बळकट उरतात. पुढच्या डासाच्या पोटात जातात ते हेच उरलेले. डीडीटीच्या बाबतीत डासांचेही असेच झाले. क्लोरोक्वीनला दाद न देणारा परोपजीवी १९५० नंतरच्या दशकात आग्नेय आशियात व दक्षिण अमेरिकेत दिसू लागला, आणि १९७३ साली तो आसामच्या डोंगराळ भागात सापडला. मग चीनच्या थू यूयू या विदुषीने एका जुन्या वनौषधीतून काढलेले आर्टेमिसिनीन मदतीला आले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याआधीच कंबोडियाच्या सीमेवर आर्टेमिसिनीनलाही परोपजीवी सरावू लागल्याचे आढळले होते, आणि पुढे आफ्रिकेतील काही देशांतही तेच आढळले. म्हणून आज ते एकटे न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. एकातून जो सुटेल तो दुसऱ्यात सापडावा. यकृतात दडी मारून बसणाऱ्या जातीच्या हिवतापावर प्रायमाक्वीन १४ दिवस घ्यावे लागते. ताप तर तीन दिवसांतच उतरतो. गरज सरो वैद्य मरो ही आपली जुनी म्हण. येथे वैद्य नव्हे, औषधच मरते.

हे पिंपरीकरांना तरी नवे वाटू नये. १९५४ साली याच गावी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन देशात तयार होऊ लागले, तेव्हापासून या औद्योगिक नगरीची ओळख देशाला पटली. त्या पेनिसिलीनच्या शोधकाने, अलेक्झांडर फ्लेमिंगने, १९४५ सालीच बजावून ठेवले होते की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते निर्ढावतात. जंतू वेगळे, हिवतापाचा परोपजीवी वेगळा, औषधेही वेगळी. परंतु नियम तोच. ज्या नगरीने देशाला औषध करावयास शिकविले तिने ते पुरते घ्यावयासही शिकवावे, ही अपेक्षा वाजवीच होय.

आता डासाकडे. शहरी हिवतापाचा मुख्य वाहक जो ॲनॉफिलीस स्टीफेन्सी, त्याचे शास्त्रीय वर्णन १९०१ साली लिस्टन या डॉक्टराने केले ते वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूर येथील डासांवरून. हा डास शेतातल्या डबक्याचा नव्हे, तर घरच्या स्वच्छ पाण्याचा शौकीन. विहीर, हौद, गच्चीवरची टाकी, बांधकामावर सिमेंट भिजविण्यासाठी भरलेली डबरी, शेडखाली ठेवलेले पिंप, ही त्याची बाळंतघरे. मुंबईत हिवताप का हटत नाही याचा तपास १९११ च्या सुमारास बेंटली याने केला तेव्हा उघड्या विहिरींकडेच बोट दाखवावे लागले होते. गेल्या काही वर्षांत हाच डास आफ्रिकेच्या शहरांतही शिरला असून तेथील डॉक्टरांची झोप उडाली आहे. पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात जेथे उद्योग आहे तेथे बांधकाम आहे, जेथे बांधकाम आहे तेथे साचलेले पाणी आहे, आणि जेथे नळाला पाणी रोज येत नाही तेथे भरून ठेवलेली पिंपे आहेत. डेंग्यूचा डासही अशाच साठवणीच्या पाण्यात वाढतो. एक पिंप झाकले तर दोन्ही रोगांना आळा बसतो.

याच पट्ट्यात गडचिरोलीपासून ओडिशा-झारखंडपर्यंतच्या, जेथे हिवताप अजून घर करून आहे अशा मुलुखांतून माणसे पोटासाठी येतात. त्यांच्यापैकी कोणाच्या रक्तात परोपजीवी असणे अशक्य नाही. तेव्हा रोग हे बाहेरचे लोक आणतात, असा शेरा मारून मोकळे होण्याचा मोह सुशिक्षित मंडळींना होतो. हा मोह अन्यायाचा तर आहेच, शिवाय तो अशास्त्रीय आहे. परोपजीवी रोग्याच्या रक्तात येईल. पण तो शेजारच्या सोसायटीत पोहोचतो तो तिच्याच गच्चीवरच्या उघड्या टाकीत जन्मलेल्या डासाच्या सोंडेतून. ज्याला रजा घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते, रक्त तपासून ताप निघाला तर काम जाते अशी भीती वाटते, तो कामगार ताप लपविणार, मिळतील त्या दोन गोळ्या घेऊन कामावर उभा राहणार. १८९८ साली कलकत्त्याचे रोगी रॉसच्या सुईपासून पळाले, त्याचे कारण सुई नव्हती. सुईमागच्या हाताचा त्यांना भरवसा नव्हता. चापेकरांच्या गावाला तरी हे इतिहास उघडून सांगावे लागू नये.

हिवताप २०३० पर्यंत देशातून हद्दपार करण्याचा सरकारचा संकल्प आहे. जगात या रोगाने २०२३ साली सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील लहान मुले. त्या मानाने आपली स्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण १९६५ नंतर जे झाले ते आठवले म्हणजे सुधारलेल्या आकड्यांचीच अधिक भीती वाटते. महापालिकेने, औद्योगिक वसाहतीच्या व्यवस्थापकांनी आणि बांधकाम करणाऱ्यांनी साचलेल्या पाण्याची मोजदाद आठवड्याला करावी. अळीपासून डास होण्यास आठवडा-दीड आठवडाच लागतो, म्हणून महिन्याची मोजदाद निरुपयोगी आहे. कारखानदारांनी तापाने फणफणलेल्या कामगाराला, तो ठेकेदाराच्या पटावरचा असला तरी, रक्ततपासणीची सोय आणि पगारी विश्रांती द्यावी, आणि शेवटची गोळी त्याच्या पोटात जाईपर्यंत त्याची विचारपूस ठेवावी. सोसायट्यांच्या कार्यकारी मंडळांनी वार्षिक सभेत रंगरंगोटीच्या खर्चावर तासभर वाद घालण्याआधी गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण पाहावे. यात पारितोषिके नाहीत, समारंभ नाहीत, उद्घाटनाच्या फिती नाहीत. बंगलोरच्या बंगल्याबाहेरचे पिंप रिते करविले तेव्हा रॉसलाही कोणी हार घातला नव्हता. त्याचा शोध पुरा होऊन शतकाहून अधिक काळ लोटला आहे. पावसाळा चालू आहे, आणि त्याने सांगितलेले काम येत्या रविवारीही सुरू करता येण्यासारखे आहे.